बडोद्याच्या पाण्याला एकच शून्य द्या : एक खुले पत्र

प्रति,
बडोदे शहराचा पाणीपुरवठा, गटारे, कांस (पावसाचे पाणी नदीत नेणारे नाले), नदी, धरणे, रस्ते, वन्यजीव आणि आपत्ती निवारण यांचा कारभार ज्यांच्याकडे वाटून दिलेला आहे, अशा सर्व कार्यालयांचे प्रमुख

सविनय नमस्कार.

हे पत्र एकाच कार्यालयाच्या नावाने लिहिता आले असते, तर ते लिहिण्याची वेळच आली नसती.

गेल्या दिवाळीनंतर मी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज केला. मागणी एका कागदाची होती. आजवा सरोवरातून अमुक इतके पाणी सुटले, वरच्या भागात अमुक इतका पाऊस झाला आणि खाली ढाढर नदी आधीच भरून वाहत असली, तर शहरातल्या काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी किती फूट चढेल, आणि ती तितकी चढली की कोणत्या वस्तीत किती पाणी शिरेल, हे सांगणारा तक्ता आपल्याकडे असल्यास त्याची प्रत मिळावी, एवढेच मी लिहिले होते. ज्या कार्यालयाकडे मागितलेली माहिती नसेल त्याने अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवावा, असे त्या कायद्याचे कलम 6(3) सांगते. या कलमाचे पालन अत्यंत चोख झाले. पहिल्या कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला, कारण नदीची पातळी हा त्यांचा विषय नव्हता. दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवला, कारण वस्तीत शिरलेले पाणी हा त्यांचा विषय नव्हता. तिसऱ्याने चौथ्याकडे, कारण सरोवराचे दरवाजे त्यांच्या ताब्यात नव्हते. आणि चौथ्याने तो पुन्हा पहिल्याकडे पाठवला. चारही पत्रे माझ्याजवळ आहेत. भाषा सभ्य आहे, जावक क्रमांक नीट घातलेले आहेत, आणि ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य चारही पत्रांत आहे. चौघांनीही खरे तेच लिहिले आहे, आणि मला स्वस्थ बसू न देणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

मी पेशाने नकाशाकार. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या कलाभवनाच्या आवारात, जिथे आज विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे, तिथे मी नकाशाकाम शिकलो आणि पुढे अडतीस वर्षे खासगी बांधकाम कंपन्यांसाठी ट्रेसिंग पेपरवर रस्ते, नळ आणि गटारे काढत राहिलो. आमचे घर मूळचे दांडिया बाजारातले. वाटणीनंतर मी कारेलीबागेत, नदीच्या अंगाला असलेल्या एका सोसायटीत बंगली घेतली. जमिनीच्या उंच-सखलपणावर पोट भरणाऱ्या माणसाने नदीकाठी घर घ्यावे, यावरून माझी पत्नी मला अजून टोचून बोलते, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्या वेळी सोसायटीचा आराखडा मंजूर झालेला होता आणि त्यावर शिक्का होता. शिक्क्यावर विश्वास ठेवण्याची सवय आम्हा नकाशाकारांना जरा जास्तच असते.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. इतरांच्या घरी नातवंडांची उंची मोजतात, आमच्याकडे विश्वामित्रीची मोजली जाते. 2005, 2014, 2019 आणि 2024 अशी त्या खुणांची वर्षे आहेत. 31 जुलै 2019 रोजी शहरावर एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस कोसळला, तेव्हाची खूण चौथ्या पायरीशी आहे. 2024 ची खूण सातव्या पायरीच्या वर आहे. त्या वर्षी गोकुळाष्टमी 26 ऑगस्टला होती. दहीकाल्याचा प्रसाद झाकून ठेवला आणि रात्री पाणी फाटकाशी आले. धोक्याची पातळी 26 फूट मानली जाते त्या पुलाशी नदी 35 फुटांच्याही वर गेली. मी दर तासाला खूण करत होतो. आमच्याकडचा पाऊस ओसरला तरी खुणा चढतच होत्या. डोक्यावरचे आभाळ मोकळे होत चालले असताना पायरी बुडत जाते, तेव्हा हे पाणी आपल्या आभाळातले नाही, कुठून तरी पाठवलेले आहे, हे समजायला कलाभवनात शिकावे लागत नाही.

शेजारच्या काकू सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना श्वासासाठी विजेवर चालणारे यंत्र लागते. वीज गेल्यावर मी छापील यादीतले तीन क्रमांक फिरवले. पहिल्याने नदीची त्या घडीची पातळी सांगितली, पण दरवाज्यांचे काय चालले आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. दुसऱ्याने दरवाज्यांचे सांगितले, पण ते पाणी आमच्यापर्यंत केव्हा येईल हे सांगणे त्यांचे काम नव्हते. तिसऱ्याने बोट पाठवण्याची तयारी दाखवली आणि आमच्या गल्लीत किती पाणी आहे ते मलाच विचारले. आम्ही चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेले. त्या वाचल्या. सहा तास आधी कोणी सांगितले असते, तर त्या उंचावरच्या भागात राहणाऱ्या मुलीकडे रिक्षाने गेल्या असत्या. त्या सहा तासांत लागणारी सगळी माहिती तीन टेबलांवर हजर होती, फक्त तिन्ही टेबले एकमेकांशी बोलत नव्हती.

आता माझ्या तक्रारी. त्या मी माझ्या समजुतीप्रमाणे महत्त्वाच्या क्रमाने मांडतो आहे.

पहिली तक्रार मोजमापाची आहे, आणि ती क्षुल्लक वाटण्याचा धोका पत्करून मी तिच्यावर सर्वांत जास्त शाई खर्च करणार आहे. आजवा सरोवराची पातळी फुटांत सांगतात आणि ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती 211 फुटांच्या आसपास राखायची आणि हंगाम सरेल तशी टप्प्याटप्प्याने वाढू द्यायची, अशी पद्धत आहे. काळ्या घोड्याच्या पुलाशी नदीची पातळीही फुटांत सांगतात, परंतु ते 26 फूट समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत, तिथल्या पट्टीवरचे आहेत. त्या पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे मला पुलाशी उभे राहून कुठेही वाचता आले नाही. देव धरणाची पातळी मीटरमध्ये येते. सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापात, येते. पाऊस हवामान खाते मिलिमीटरमध्ये सांगते आणि सकाळचे वर्तमानपत्र इंचांत. पाणी घरात शिरलेला माणूस या सगळ्या आकड्यांचे काय करणार? टीव्हीवर ‘आजवा 213, विश्वामित्री 31’ असे दोन आकडे शेजारी शेजारी सरकतात आणि आमच्या सोसायटीतले शिकलेसवरलेले लोकही विचारतात की आजवा इतका उंच असताना नदी एवढीशीच कशी. हा प्रश्न हसण्यासारखा नाही. दोन आकड्यांना दोन वेगळी शून्ये आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

आमच्या धंद्यात काम सुरू करण्याआधी पहिला प्रश्न असतो: बेंचमार्क कोणता? पूर्वीच्या मोजणी खात्याने कोरून ठेवलेला जुना दगड असो वा एखाद्या पुलाच्या कठड्यावरची खूण असो, सर्व उंच्या एकाच बिंदूपासून मोजायच्या, नाहीतर गटाराचा उतार कागदावर बरोबर दिसतो आणि जमिनीवर पाणी उलटे वाहते. एकदा एका वसाहतीच्या कामात रस्त्याचा नकाशा एका बेंचमार्कवरून आणि गटाराचा दुसऱ्यावरून काढला गेला होता. दोन्ही नकाशे निर्दोष होते आणि दोन्हींवर सह्या होत्या. पहिल्या पावसात गटाराच्या झाकणातून कारंजे उडाले. मी तेव्हा उमेदवारी करत होतो. मुख्य नकाशाकारांनी मला दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरायला सांगितले, आणि फरक दिसला. बडोद्याच्या पाण्याचे नकाशे असे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरणारा माणूस आपल्या कोणत्याच कार्यालयात नेमलेला नाही, असा माझा समज या चार पत्रांनी पक्का झाला आहे.

दुसरी तक्रार नदीच्या तुकड्यांची आहे. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वळणे घेत जाते आणि पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते. पावसाचे पाणी तिच्यात आणून सोडणारे भूखी, रूपारेल यांसारखे कांस पूर्वी ओढे होते; त्यांपैकी काहींवर आता स्लॅब आहेत, काहींवर वाहने उभी राहतात. पूर्वेकडे विश्वामित्रीला मिळणाऱ्या सूर्या नदीवर आजवा आहे, तो शहराच्या मालकीचा. पुढे ढाढरला पाणी देणारी देव नदी आणि तिच्यावरचे धरण सिंचन खात्याचे. उत्तरेला आणि पूर्वेला महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग यांचे भराव पाण्याच्या वाटेवर आडवे पडलेले आहेत, आणि प्रत्येक भरावाखालच्या मोरीचा मालक वेगळा आहे. या यादीतल्या कोणालाही मी दोष देत नाही. परंतु ढाढर फुगलेली असताना विश्वामित्रीला पुढे जायला वाट राहत नाही आणि ती शहरातच थांबते. त्यामुळे देव धरणाचा निर्णय आणि आजव्याचा निर्णय हे दोन स्वतंत्र निर्णय असूच शकत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ समितीची आवश्यकता नाही.

2025 च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र रुंद करून गाळ काढण्याचे काम शंभर दिवसांच्या मुदतीत हाती घेतले गेले. मी सकाळच्या फेरीला जाऊन ते पाहत असे आणि काम झाले हे मी मान्य करतो. मात्र शहरातला टप्पा एका यंत्रणेकडे आणि शहराच्या वरचा-खालचा टप्पा दुसरीकडे, अशी विभागणी तेव्हाही होतीच. वरचे पात्र मोकळे झाले आणि खालचे अरुंद राहिले तर पाणी कमी होत नाही, ते फक्त लवकर येऊन अडते. दोन्ही टप्प्यांच्या तळाच्या उंच्या एकाच नकाशावर दाखवलेल्या मला कुठे मिळाल्या, तर ही तक्रार मी आनंदाने मागे घेईन.

त्यात मगरींचा प्रश्न आहे. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत चारशेहून अधिक मगरी राहतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने त्यांना पूर्ण संरक्षण दिलेले आहे. मादी उन्हाळ्यात काठच्या मातीत अंडी घालते आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे खोदकामाला सोयीचा काळ तोच मगरीला नाजूक. 2024 च्या पुरात आमच्या वाहनतळात हातभर लांबीची मगर आली होती. तिला न्यायला आलेल्या तरुण स्वयंसेवकांनी ज्या सफाईने तिचे तोंड बांधले ती पाहून आम्ही घाबरायचेही विसरलो. राष्ट्रीय हरित लवादाने 2021 साली विश्वामित्रीसाठी कृती आराखडा अमलात आणण्याचे निर्देश दिले, त्यात सांडपाणी रोखणे आहे, नदीच्या हद्दी ठरवणे आहे आणि पूरमैदान जपणेही आहे. सांडपाणी, हद्द आणि पूरमैदान या तीन गोष्टी आपल्याकडे तीन वेगळ्या फायलींत राहतात. नदीकाठच्या दऱ्या-घळी, ज्यांना आपण ‘कोतर’ म्हणतो, त्या भरून सपाट केल्या की मगरीचे घर जाते आणि पुराचे पाणी साठायची जागाही जाते. वन विभागाचा आणि पूर नियंत्रणाचा इथे खरे तर एकच स्वार्थ आहे. तरीही वन विभागाला काम ठरल्यानंतर पत्र जाते, काम ठरवताना खुर्ची मिळत नाही, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. हे खोटे असेल तर बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे.

तिसरी तक्रार जरा अवघड आहे, कारण तिच्यात कोणाचीच लबाडी नाही. आजवा हे पिण्याच्या पाण्याचे सरोवर आहे. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या या सरोवराचे पाणी निमेट्याला शुद्ध होऊन शहराच्या पूर्व भागाला मिळते, आणि आजही आमच्या पिढीला त्या दूरदृष्टीचा अभिमान वाटतो. ज्याला उन्हाळ्याची चिंता आहे त्याला सप्टेंबरअखेर सरोवर काठोकाठ भरलेले हवे असते. ज्याला पुराची चिंता आहे त्याला ऑगस्टमध्ये ते रिकामे हवे असते. ही दोन्ही माणसे प्रामाणिक आहेत. 62 दरवाज्यांची पातळी कोणत्या तारखेला किती ठेवायची, हा निर्णय म्हणजे या दोघांमधली तडजोड होय. ती तडजोड कोणत्या आकडेमोडीवर होते, पावसाचा अंदाज बदलला तर ती बदलण्याचा अधिकार रात्री दोन वाजता कोणाला आहे, आणि त्याने आधी कोणाला फोन करायचा, हे लेखी स्वरूपात जनतेसमोर यायला हवे. जुलै 2024 मध्ये पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हाही पूर्वसूचना कोणी कोणाला केव्हा दिली यावरच वाद झाला. शहर बदलते, वाद तोच राहतो.

याच्या उलट उदाहरण शोधायला परदेशात जाण्याचे कारण नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे सुरत बुडाले. त्यानंतरच्या वर्षांत तिथली महानगरपालिका, सिंचन खाते, अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आणि व्यापाऱ्यांची संघटना एका टेबलाभोवती आली, 2012 मध्ये त्यासाठी एक विश्वस्त संस्था नोंदवली गेली, आणि धरणातल्या पाण्याच्या अंदाजापासून वस्तीतल्या माणसाला मिळणाऱ्या इशाऱ्यापर्यंतची साखळी जोडण्याचे काम झाले. सुरतेत सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. तिथल्या खाड्या अजून घरांत शिरतात. परंतु धरणाचा मालक आणि शहराचा मालक वेगळे असले तरी दोघांची आकडेमोड एक असू शकते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत दाखवले आहे.

आणि आपल्याच शहरात आपण दरवर्षी हे करून दाखवतोच की. सुरसागरातले गणेश विसर्जन थांबवायचे ठरले तेव्हा किती कुरकुर झाली होती हे मला आठवते. मीही कुरकुर करणाऱ्यांत होतो. आज नवलखीच्या कृत्रिम तलावावर विसर्जनाच्या दिवशी पोलीस, अग्निशमन दल, वीज कंपनी, आरोग्य खाते, क्रेनवाले आणि शेकडो मंडळांचे कार्यकर्ते कोणता रस्ता किती वाजता बंद होईल हे एका कागदावरून सांगतात. 2024 मध्ये पूर ओसरून दहा दिवस होत नाहीत तोच गणपती बसले, आणि गाळ धुतलेल्या रस्त्यांवरून मिरवणुकाही नीट पार पडल्या. गणपतीसाठी जो एक कागद तयार होतो तो नदीसाठी का होऊ नये, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

चौथी तक्रार रस्ते खोदण्याची. ती सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे थोडक्यात लिहितो. आमच्या गल्लीत एका वर्षात गटारासाठी, गॅसच्या नळीसाठी आणि केबलसाठी असे तीन वेळा खोदकाम झाले, आणि तिसऱ्या खेपेला पिण्याच्या पाण्याची नळी फुटून तिच्यात मैला शिरला. अकरा घरांत जुलाब-उलट्या झाल्या. खोदणाऱ्याकडे परवानगी होती, पण नळी नेमकी कुठून जाते याचा नकाशा नव्हता. 2024 च्या पुरात तर सोसायटीची भूमिगत टाकीही मैल्याने भरली. छातीइतक्या पाण्यात उभे राहून प्यायच्या पाण्याची वाट पाहण्याचा अनुभव आम्ही चार दिवस घेतला. मही नदीतल्या फाजलपूर, रायका, दोडका आणि पोइचा येथील फ्रेंच विहिरींचे (नदीच्या वाळूतून झिरपणारे पाणी गोळा करणाऱ्या विहिरींचे) पाणी पंपांनी उचलावे लागते, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या टेबलावर वीज कंपनी नसेल तर ते टेबल अपुरेच.

आमचाही दोष लिहिला पाहिजे. सोसायटीच्या मागे एक सखल पट्टा होता, पावसाळ्यात तिथे बेडूक ओरडत. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही सभासदांनी ठराव करून तिथे भराव टाकला, त्यावर सिमेंटचे ठोकळे बसवले आणि गाड्या उभ्या केल्या. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होतो. त्या पट्ट्यात मावणारे पाणी कुठे गेले असेल, हा हिशेब मी पेशा असूनही तेव्हा केला नाही. मागच्या सभेत ते ठोकळे काढण्याचा प्रस्ताव मी मांडला आहे. तो दोन मतांनी पडला, पुन्हा मांडणार आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. नवे प्राधिकरण, नवी इमारत किंवा मोबाइलवरचे नवे अ‍ॅप यांपैकी काहीही मी मागत नाही.

एक, शहराच्या पाण्याशी संबंधित सर्व पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या एकाच मापात जाहीर कराव्यात. जुने फुटांचे आकडे लोकांच्या तोंडी बसलेले आहेत, ते शेजारी कंसात खुशाल ठेवावेत. काळ्या घोड्याच्या पट्टीचे शून्य किती उंचीवर आहे ते पुलाच्या कठड्यावर रंगवावे, आणि पुराचा धोका असलेल्या प्रत्येक वस्तीत विजेच्या खांबावर त्याच मापाची पट्टी काढावी. भाषा गुजराती असो, हिंदी असो. आम्हा मराठी मंडळींचा वेगळा आग्रह नाही, आकडा वाचता आला म्हणजे पुरे.

दोन, मी अर्जात मागितलेला तक्ता तयार करून दरवर्षी 15 जूनच्या आत प्रसिद्ध करावा. तो अचूक नसेल हे मला ठाऊक आहे. अंदाज किती चुकू शकतो तेही त्यावर लिहावे. चुकीची मर्यादा लिहिलेला तक्ता हा न लिहिलेल्या आश्वासनापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचा असतो. विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा याच शहरात आहे, तिच्याकडे हे काम सोपवता येईल.

तीन, आजवा व प्रतापपुरा ही सरोवरे आणि देव धरण यांच्या विसर्गाचा प्रत्येक निर्णय कोणी, किती वाजता घेतला आणि कोणाला, किती वाजता कळवला याची नोंदवही ठेवावी आणि विसर्ग थांबल्यापासून सात दिवसांत ती जनतेला पाहायला ठेवावी. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम 4 अशी माहिती न मागता देण्याची अपेक्षा करतेच.

चार, सर्व संबंधित कार्यालयांचा एक लेखी करार व्हावा आणि त्यांची बैठक दर महिन्याला, हिवाळ्यातसुद्धा, व्हावी. मे महिन्यातली घाईची बैठक फोटोपुरती असते. त्या टेबलावर वन विभाग, रेल्वे, महामार्ग आणि वीज कंपनी यांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी असावेत. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा प्रतिनिधी पाठवू नये. खालच्या अंगाच्या ढाढरकाठच्या गावांचा माणूसही तिथे असावा, कारण आपण शहरातून जे पाणी लवकर घालवू ते त्यांच्या शेतात लवकर जाणार आहे.

पाच, जमिनीखालच्या सर्व नळ्यांचा एकत्र नकाशा तयार होईपर्यंत, खोदकामाच्या परवानगीवर पाणीपुरवठा आणि गटार या दोन्ही विभागांच्या जागेवरच्या अभियंत्यांची सही असल्याशिवाय कुदळ लागू नये.

सहा, प्रत्येक पुरानंतर साठ दिवसांत सर्व कार्यालयांनी मिळून एकच अहवाल द्यावा. आपसात मतभेद असतील तर तेही त्यातच नोंदवावेत. वेगवेगळ्या पत्रकार परिषदांतून ते आम्हाला कळू नयेत.

आमच्या जिन्याच्या भिंतीला यंदा रंग द्यायचा आहे. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जाण्याआधी मी डम्पी लेव्हल (उंची मोजण्याची मोजणीदारांची दुर्बीण) भाड्याने आणून प्रत्येक खुणेची उंची जवळच्या बेंचमार्कवरून काढली आहे आणि 2024 च्या खुणा तासागणिक एका वहीत उतरवल्या आहेत. तक्ता तयार करणाऱ्याला त्यांचा उपयोग होईल. ती वही मी कोणत्याही कार्यालयात स्वतः आणून देईन. फक्त ती नोंदवून घेऊन पोच कोणते कार्यालय देणार, हे आपण आधी आपसात ठरवावे.

या पत्राचे उत्तर एकाच कागदावर, सर्वांच्या सह्यांनिशी यावे, ही विनंती. ते कलम 6(3) खाली पुढे पाठवू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त नकाशाकार
कारेलीबाग, बडोदे